नास्तिकाच्या तोंडून स्तोत्र

माझी मुलगी अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या एका हॉस्पिटलमध्ये चॅपलेन आहे. म्हणजे आजारी माणसाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं, आणि त्याने म्हटलंच तर त्याच्या धर्माप्रमाणे प्रार्थना करायची. रीतसर शिक्षण घेऊन मिळणारी पगारी नोकरी आहे ही. तिने हे शिकायचं ठरवलं तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर धड बोललो नव्हतो.

कारण मी नास्तिक आहे, आणि हौसेने झालेलो नाही. मी नागपूरला कॉलेजात असताना धाकटा भाऊ काविळीने गेला. घरच्यांनी त्याच्यासाठी नवसांवर नवस बोलले, मोठ्या डॉक्टरकडे मात्र उशिरा नेलं. त्यानंतर मी कुठेच हात जोडले नाहीत. इथे कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावातल्या आमच्या घरात देव्हारा आहे, तो बायकोचा. मुलीला मी लहानपणापासून एकच शिकवलं होतं, पुरावा मागत जा. आणि ती निघाली प्रार्थना करायला. तू तरी देव मानतेस का, असं मी तिला विचारलं होतं.

"आय डोन्ट नो, बाबा," ती म्हणाली. "पण घाबरलेल्या माणसाकडे मी पुरावा नाही मागू शकत."

मला ती पळवाट वाटली.

गेल्या मार्चमध्ये एकदा सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. मी ऑफिसात होतो. पुण्याहून मुलाकडे आलेल्या एका काकूंचं हृदयाचं ऑपरेशन तासाभरात होतं. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला, त्याचं विमान लेट झालेलं. काकूंना मारुतीचं एक स्तोत्र म्हणायचं होतं, पण भीतीने निम्म्यावर आठवेनासं झालं. मुलीने फोनवर शोधून लावून दिलं, तर त्या म्हणाल्या, मशीनचं नको, माणसाने म्हटलेलं हवं. बायको तेव्हा भारतात होती आणि फोन उचलत नव्हती. मला ते स्तोत्र पाठ आहे हे मुलीला माहीत होतं. लहानपणी आखाड्यात वस्ताद रोज व्यायामाआधी आमच्याकडून म्हणवून घ्यायचे. काकूंना विचारूनच फोन केलाय, असंही तिने सांगितलं.

मी पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसलो. नाही म्हणणं जमेना, पण एका घाबरलेल्या बाईशी खोटंही वागायचं नव्हतं.

"काकू, आधीच सांगतो, मी देव मानत नाही," मी म्हटलं. "मी नुसते शब्द म्हणेन. चालेल का तुम्हाला?"

त्यांनी विचारलं, "शब्द नीट येतात ना?"

"येतात."

"मग म्हण बाबा. देव असला तर ऐकेल. नसला तर मी ऐकतेच आहे."

मी म्हणायला लागलो. तिसऱ्या ओळीपासून त्यांचा बारीक आवाज माझ्यामागून यायला लागला, आणि त्याच्यामागून 'ळ' अडखळत म्हणणारा माझ्या मुलीचा. आम्ही दोनदा म्हटलं. मग काकूंना आत नेलं. मुलगी "थँक्स, बाबा" म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

मी गाडीतच बसून राहिलो. देव भेटला वगैरे काही नाही. आठवला तो भाऊ. त्या शेवटच्या दिवसांत घरातले सगळे देवाशी बोलत होते आणि मी त्या सगळ्यांशी भांडत होतो. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. पण आतल्या खोलीत त्याच्या खाटेपाशी कोणीच बसलं नव्हतं. तुला काय हवंय, असं त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझी मुलगी दिवसभर तेच विचारत हिंडते. मला तिचा इतका अभिमान वाटला की दुपारच्या मीटिंगमध्ये शेजारच्याला मी विनाकारण सांगून टाकलं, माझी मुलगी चॅपलेन आहे.

काकू बऱ्या झाल्या. ते सर्जनचं काम, त्यात मी कोणाला वाटा देत नाही. पुण्याला परत जाण्याआधी त्या मुलाबरोबर आमच्याकडे जेवायला आल्या. मला आस्तिक करायच्या भानगडीत पडल्या नाहीत. एका ठिकाणी तू श्वास चुकीचा घेतोस, एवढं मात्र त्यांनी वरणभात कालवता कालवता सांगितलं. मी कबूल केलं.

मग मुलीने विचारलं, की मराठी पेशंट आला तर तुम्हाला बोलावू का? हॉस्पिटलात अशा बाहेरच्या माणसांची एक यादी असते. पाद्री आहेत, मौलवी आहेत, एक रब्बी आहेत. मी हो म्हटलं, पण एका अटीवर. माझ्या नावापुढे धर्माच्या रकान्यात खरं तेच लिहायचं. तिने माझ्यासमोर टाइप केलं. धर्म, काही नाही. भाषा, मराठी. आतापर्यंत मला दोनदा बोलावणं आलंय.