एस्प्रेसो आणि “बास” म्हणणारी बाई

हे सांगू की नको, असं वाटतं. कारण या सगळ्यात शहाणपणाचा वाटा माझ्याकडे अजिबात येत नाही.

परदेशातल्या ऑनसाइट कामावरून परतताना मी एस्प्रेसोचं मशीन आणलं होतं. हडपसरला भाड्याचा फ्लॅट, आयटीतली नोकरी, मी एकटा. त्या कॉफीत खरी मेख एकच: कपात पडणारी धार कधी थांबवायची. आधी ती काळपट, मधासारखी पडते, मग फिकट होत जाते. तो क्षण हुकला की कॉफी कडूजहर. माझा रोज हुकायचा.

एका सकाळी मशीन घरघरत होतं, मी कपावर वाकलेलो, आणि कानाशी बाईचा आवाज आला. हळू, थकलेला.

“बास.”

दचकून बटण बंद केलं. मागे कोणी नाही. दाराला आतून कडी. मग घोट घेतला. अहो, तशी कॉफी मी परदेशातही प्यायलो नव्हतो.

आठवडाभर तेच. धार फिकट व्हायला आणि “बास” यायला एकच गाठ. एकदा मुद्दाम बटण दाबलं नाही, तर आवाज आला, “बास म्हटलं ना.” मी झटकन बटण दाबलं.

घरमालकांना फोनवर आडून विचारलं, आधी इथे कोण राहायचं. म्हणाले, एक बाई होत्या, एकट्याच, गेल्या. पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग काय, रोज आवाज आला की मी हात जोडून मोठ्याने म्हणायचो, “आभारी आहे, ताई. उद्याही या.”

रविवारी बेल वाजली. दारात शेजारच्या फ्लॅटमधल्या आजी. आमची कधी गाठच पडली नव्हती. त्या बोलल्या. तोच आवाज.

“आपल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, इकडचं तिकडे सगळं ऐकू येतं. मी सकाळी शब्दकोडं सोडवते. आधीच्या बाई मुलीकडे नाशिकला गेल्या, त्यांचा कधी आवाज नव्हता. तुमची घरघर मी पंचवीस सेकंद सोसते, मग ‘बास’ निघतंच तोंडातून. त्यावर तुम्ही रोज ‘उद्याही या’ म्हणून टोमणा मारता, हे बरं नाही.”

माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. “आजी, मला वाटलं, तुम्ही वारला आहात.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

“अजून नाही,” त्या म्हणाल्या. “वारले की कळवीन.”