सम्राज्ञीच्या महालात, आईबरोबर

आईला "आता इथेच राहा" म्हणायचं होतं. घरी विषय काढला की ती भांडी घासायला उठते, म्हणून शनिवारी तिला वॉशिंग्टनला म्युझियम बघायला न्यायचं ठरवलं. बाबा गेल्यापासून ती नागपूरला एकटीच. आमच्याकडे अमेरिकेत येऊन पाच महिने झाले होते. ग्रीन कार्डचा अर्ज मी भरून ठेवलेला, फक्त तिचा होकार हवा होता.

आम्ही राहतो त्या अ‍ॅशबर्नहून मेट्रोनेच जा. तासभर लागतो, पण गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. म्युझियमला तिकीट नाही. आत खाऊ देत नाहीत, म्हणून आम्ही बाहेरच्या हिरवळीवर थालीपिठं संपवली.

प्रदर्शन जुन्या चीनमधल्या सम्राज्ञींचं होतं. पिवळ्या रेशमी झग्यांवरचं भरतकाम बघून आई हरखली. तिने वीस वर्षं शिवणाचा क्लास चालवलाय. इतकी वाकून टाके बघत होती, की गार्डने दोनदा मागे सरकवलं.

माझी नऊ वर्षांची ईरा पाट्या वाचत होती. "आजी, शी कुडन्ट लीव्ह द पॅलेस! अँड हर ओन मॉम हॅड टु नील!"

महालाबाहेर पडायची मुभा नाही आणि भेटायला आलेल्या आईनेसुद्धा लेकीपुढे गुडघे टेकायचे, असं मी आईला सांगितलं.

"लेकीच्या घरी थोडंफार असंच असते गं," आई हसत म्हणाली.

मला झोंबलं. "मी कधी काय करायला लावलं तुला?"

"तू नाही. पण दाराला अलार्म लावून ऑफिसला जातेस ना? मागे एकदा दार उघडलं तर केवढा भोंगा वाजला! पोलीस आले. तेव्हापासून मी दार उघडतच नाही."

"आजी सेड डोन्ट टेल मम्मा," ईरा पुटपुटली.

पाच महिने! आणि मी मैत्रिणींना सांगत होते, आईला घरात बसायला फार आवडतं. लाजेने माझी मान खाली गेली.

परतीच्या मेट्रोत विचारलं, "आई, तुला नागपूरला जायचंय का?"

"हो," ती म्हणाली. इतक्या पटकन, की मला रडूच आलं. तिने माझा हात मांडीवर घेतला आणि अ‍ॅशबर्नपर्यंत सोडला नाही.

अर्ज मी काढून टाकला. तिच्या परतीच्या तिकिटाची तारीख आधी ठरलेलीच आहे, अजून तीन आठवडे हातात आहेत. तुम्हीही आईला घेऊन त्या प्रदर्शनाला जरूर जा, पण आधी तिला अलार्मचा कोड शिकवा. मी त्याच संध्याकाळी शिकवला, आणि अलार्मचे मेसेजही पहिल्यांदाच माझ्या फोनवर सुरू केले.

सोमवारी मीटिंगमध्ये अकरा वाजता फोनवर मेसेज आला: पुढचं दार उघडलं. मी काही केलं नाही. आई कोड टाकून एकटी बाहेर पडली होती; मी मेसेजकडे नुसती बघत बसले.