मुकादम डावीकडे कलतो

गाडी शिकवणाऱ्या बाईंना ‘बहुतेक’ या शब्दाचा मनस्वी तिटकारा होता. शिकणारा “बहुतेक ब्रेक दाबला” म्हणाला, की त्या आपल्या पायापाशी असलेला जादा ब्रेक असा करकचून दाबत, की त्याचं कपाळ स्टिअरिंगला भेटून येई. तेवीस वर्षं हेच चाललेलं. घरी नवरा ‘बहुतेक’ म्हणायचं केव्हाच विसरला होता. खरं तर बोलायचंच विसरला होता.

अशा घरात मुकादम आजारी पडला. मुकादम म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा कुत्रा. दारात बसून अख्ख्या गल्लीच्या येण्याजाण्यावर देखरेख करायचा, म्हणून हे नाव. एका सकाळी तो उठला तो मान वाकडी करूनच. चार पावलं चालला, डावीकडे कलला आणि चपलांच्या कपाटावर आदळला. मग ताटलीभोवती गोल गोल फिरला आणि न खाताच मटकन बसला.

“कान,” पहिले डॉक्टर म्हणाले. तेव्हा मुकादम अजून दवाखान्याच्या दारातच होता आणि डॉक्टर फोनवर. त्यांनी थेंब दिले. बाई खूश. “याला म्हणतात डॉक्टर! असेल-नसेलची भानगड नाही.” पाच दिवस थेंब घातले. आधी मुकादम कोरड्या कानाने डावीकडे पडायचा, आता ओल्या कानाने पडू लागला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे मऊ सोफे होते आणि भिंतीवर त्यांचेच सात फोटो, प्रत्येकात एक ठणठणीत कुत्रा. त्यांनी मुकादमाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. “मेंदूत गाठ. तीन महिने.”

“तपासणी न करता?” नवऱ्याने विचारलं. त्या महिन्यातलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

“अनुभव,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई गाडीत बसून रडल्या. शिकणाऱ्या मुलीने लाल दिवा ओलांडला, तरी त्यांचा पाय ब्रेकवर गेला नाही. संध्याकाळपर्यंत मात्र सोफेवाले डॉक्टर ‘ठार अडाणी’ ठरले. त्यांचं निदान चुकलं म्हणून नव्हे, बाईंना ते आवडलं नाही म्हणून.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला हातही लावला नाही. त्या बाईंनाच निरखत राहिल्या. “घरात ताणतणाव आहे का?”

“अजिबात नाही!” बाई कडाडल्या. मुकादम टेबलाखाली शिरला. जागा असती तर नवराही शिरला असता.

‘मोठ्या आवाजाने मन खचले आहे’ असा कागद मिळाला. बाईंनी तो बाहेर येताच टराटरा फाडला. पण घरी आल्यावर, न जाणो, म्हणून कुजबुजत बोलू लागल्या. दोन दिवसांत नवऱ्याची झोप उडाली.

शेवटी उरला सरकारी जनावरांचा दवाखाना. तिथली डॉक्टर एका अडलेल्या गाईला मोकळं करून चिखलाच्या बुटांनिशीच आली आणि फरशीवर बसली. मुकादमाला चालवलं, कान पाहिले, मान फिरवून त्याच्या बुबुळांची थरथर पाहिली. चांगला अर्धा तास गेला.

“नक्की सांगता येत नाही,” ती म्हणाली. “कानाच्या आतलं असेल. गाठही असू शकते. म्हाताऱ्या कुत्र्यांना कधीकधी असं अचानक होतं, कारण सापडत नाही. बहुतेक हळूहळू ओसरेल.”

बाईंचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

“म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही?”

“आज नाही. मळमळीचं औषध देते. हाताने भरवा, जिन्याकडे जाऊ देऊ नका. दोन आठवड्यांनी आणा.”

बाई धुमसत परतल्या. पण जिन्याला फळी लावली आणि जमिनीवर फतकल मारून घास घास भरवला. दहाव्या दिवशी मुकादम सरळ चालत दारापर्यंत गेला. मान तेवढी जराशी वाकडी राहिली, त्यामुळे गल्लीकडे तो आता संशयाने बघतोय असं वाटे.

बातमी कळताच पहिल्या डॉक्टरांचा फोन आला. “लागू पडले ना थेंब?” बाईंनी फोन आपटला.

पुढच्याच आठवड्यात शेजारणीचं मांजर खायचं थांबलं. बाईंनी तिला सरकारी दवाखान्याचा पत्ता दिला. “तिथल्या डॉक्टरकडेच जा. तिला काही कळत नाही आणि ती ते तोंडावर सांगते.”

शेजारीण मान डोलावून निघाली आणि तडक सोफ्यांच्या दवाखान्यात गेली.