कान दुमडणारी बोटं

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी विचारायला नको... माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) सावेडीत माझा दवाखाना आहे. आधी दृष्ट काढून मग ताप घेऊन येणाऱ्या आयांना मी इतकं झापलंय, की माझ्या फटकळपणाचे किस्से आसपासच्या गावांत सांगतात. मांजर आडवं गेलं की आमचे हे गाडी थांबवतात. त्यावरून मी त्यांची जन्मभर टिंगल केली. आता ते माझी करतात. करू देत.

तर झालं असं, की एका संस्थेने मला त्यांच्या तज्ज्ञ सल्लागार समितीवर घेतलं. काही मुलं चांगली धडधाकट असतात, रात्री जेवून-खेळून झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. ताप नाही, फिट नाही, विंचूकाटा नाही. शवविच्छेदन केलं तरी काही सापडत नाही. अशा मृत्यूंवर कोणी काय संशोधन करायचं आणि संस्थेने कशाला मदत द्यायची, हे आम्ही ठरवायचं.

पहिल्या टप्प्यात आम्ही एका तरुण टीमला मंजुरी दिली होती. ही पोरं-पोरी पाथर्डीकडच्या कोरड्या भागात, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत फिरायची आणि ज्या घरातलं मूल असं गेलंय तिथे बसून माहिती घ्यायची. काय विचारायचं ते आमच्याकडून पक्कं करून घेतलं होतं. त्यात एक प्रश्न मी हट्टाने घातला — त्या रात्री मूल कोणाच्या कुशीत झोपलं होतं? शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न चोख होता. समितीत सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला, खोटं कशाला बोलू, स्वतःचं कौतुकही वाटलं.

मे महिन्यात दुसऱ्या टप्प्याची मीटिंग होती. तेच काम, तेच प्रश्न, फक्त आणखी तालुक्यांत. संस्थेच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर आम्ही बसलो होतो. टळटळीत दुपार, पंखा फुल, डबे उघडायची वेळ झालेली. माझ्या शेजारी पुण्याचे हार्ट स्पेशालिस्ट डॉ. साठे. माझ्यासारखेच, देव दिसला तरी आधी ईसीजी काढतील असे! सगळ्यांचा होकार झाला, मी "माझाही हो" म्हणायला तोंड उघडलं... आणि माझ्या डाव्या खांद्यावर वजन आलं.

दवाखान्यात मी रोज मुलं उचलते. झोपेला आलेल्या मुलाचं वजन मला कळतं. अंग सैल सोडलेलं, डोकं मानेपाशी टेकलेलं. गरम श्वास लागत होता. मग बारीक बोटं माझ्या कानाशी आली. कानाची वरची कड धरून खाली दुमडायची, सोडायची, परत दुमडायची... मी खुर्चीत ताठ बसून राहिले. हात वर करून चाचपायचीसुद्धा हिंमत होईना.

"मॅडम, काय होतंय?" साठेंनी माझं मनगट धरलं. त्यांनी धरलं आणि वजन गेलं.

नाडी नॉर्मल. बीपी नॉर्मल. मी म्हणाले, खांदा जड झाल्यासारखा वाटला. कानाचं काही बोलले नाही, लाज वाटली. पण साठे माझ्या खांद्याकडे बघत होते. "हे काय सांडलं?" साडीचा पदर खांद्यावर ओला होता, लाळेने होतो तसा चिकट. मी म्हटलं घाम असेल. ते म्हणाले, "एकाच खांद्याला?" मी होकार थांबवला आणि म्हणाले, पहिल्या टप्प्यातलं एक तरी घर मला बघू द्या. का म्हणाले, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

टीमने एका घरी फोन लावला, ते लोक या म्हणाले. करंजी घाट उतरून पाथर्डीच्या पुढे, रस्त्यापासून आत, पत्र्याचं घर. पुढे लिंबाखाली बाज टाकलेली. तोडीचा हंगाम संपून माणसं गावाला परतलेली होती. बाजेवर त्या घरातल्या सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर तान्ही नात. सून मनीषा लांब, उंबऱ्याशी बसलेली. वय वीस-बावीस असेल. नवरा कामावर गेला होता. टीमच्या पोरांना मी गाडीतच थांबायला सांगितलं.

मनीषाचा मुलगा दोन वर्षांचा होता. नेवाशाकडे ऊस तोडायला गेले असताना कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झोपला तो उठलाच नाही. त्याला तिकडेच, ओढ्याच्या कडेला पुरलं. त्यानंतर ही मुलगी झाली.

मुलगी रडली. मनीषाने उठून तिला घेतलं, तिथेच पाठ करून पाजलं, आणि बाळाचं तोंड पुसून लगेच सासूच्या मांडीवर परत ठेवलं. जणू शेजारणीचं मूल होतं.

"रात्रीबी माझ्यापाशीच आसती," सासूबाई म्हणाल्या. "हिच्याकं निजवीत न्हाई आमी."

"का हो मावशी?"

"का म्हंजी? तुमचीच मान्सं आल्ती की इचारायला. त्या राती पोरगं कुनाच्या कुशीत हुतं म्हनले. तवर आमी म्हनायचो, देवानं दिल्तं, देवानं नेलं. मोठी शिकल्याली मान्सं उगंच इचारतील व्हय? मंग आमाला उमजलं. हिच्या अंगाखाली आलं."

मनीषा जमिनीकडे बघत होती.

"मावशी, तो प्रश्न मी घातला होता," मी म्हणाले. "चूक माझी आहे, हिची नाही. दोन वर्षांचं पोर अंगाखाली आलं तर लाथा झाडतं, ओरडतं. असं होत नाही."

"मंग कशानं गेलं?"

"ते... माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

"म्हाईत न्हाई, तर हिच्यामुळं न्हाई हे कशावरनं?"

इतकी वर्षं भल्याभल्यांना गप्प करणारी मी, त्या बाईपुढे हरले. काहीतरी बोलायचं म्हणून मी मनीषाला विचारलं, "झोपताना काय करायचा गं तो?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. हात स्वतःच्या कानाशी नेला आणि कानाची वरची कड खाली दुमडली.

"असं करायचा. खांद्यावर घ्यायचं, मंग कान दुमडीत बसायचा. झोप लागली की हात गळायचा. दिसभर ऊस तोडून मी दमल्याली, कान लई दुखायचा... मी हात काढायची त्याचा. त्या राती बी काढला."

कानाची गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मग मी ती दोघींना सांगितली. मीटिंग, वजन, बोटं, ओला पदर, सगळं. सांगताना मी रडत होते, हे लिहायला लाज कसली.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "तुमच्या खांद्यावं आला व्हय?" बराच वेळ त्या नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग उठल्या आणि मुलीला मनीषाच्या मांडीवर ठेवलं. "घे. तुझ्यापाशीच निजव. मेल्यावं बी बाईमान्साच्याच खांद्यावं निजाया आला, म्हंजी त्यो आईवं चिडल्याला न्हाई. मारला आसता तुनं तर असा गुमान कुनाच्या मानंला लागला आसता व्हय?"

हे कसलं तर्कशास्त्र, मला विचारू नका. माझी डिग्री जिथे हरली तिथे ते चाललं. समितीने तो प्रश्न नंतर बदलला. आता आईला एकटीला भेटतात, आणि आधी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगतात की यात कोणाचा दोष धरू नका. पण ज्या घरांतून तो आधीच विचारून झालाय, तिथे काय झालं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. मीटिंगच्या त्या दुपारचं म्हणाल, तर साठे म्हणतात मेंदूचे खेळ. पदराचं विचारलं की विषय बदलतात.

त्या दिवशी निघताना मनीषा गाडीपर्यंत आली. मुलगी तिच्या कडेवर होती. दार धरून हळूच म्हणाली, "बाई, मंग झोपला का त्यो? तुमच्या खांद्यावं?"

मी म्हणाले, "हो गं. शांत झोपला."

ती हसली. मी काच वर केली.

साठेंनी माझं मनगट धरलं, त्या क्षणापर्यंत ती बोटं माझा कान दुमडत होती.