हार होता, कुंकू नव्हतं

आयुधपूजा जवळ आली, बेंगळूरच्या बसवनगुडीत रस्त्याकडेला कोहळ्यांचे ढीग लागले, की ती घटना आठवल्यावाचून राहत नाही. बायको म्हणते, "झालं, दरवर्षीचं सुरू." तिचं काही चुकत नाही. गाजलेल्या केसेसबद्दल कुणी विचारलं तर मी दोन वाक्यांत आटोपतो. ही केस कुणाला माहीत नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नव्हत्या. पण मनातून जात नाही ती हीच.

आम्ही पिढ्यान् पिढ्यांचे बेंगळूरकर मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्या वेळी मी शहराच्या दक्षिण भागातल्या एका ट्रॅफिक ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमच्याकडे अपघाताचा तपास ट्रॅफिक ठाणंच करतं, त्यामुळे पावत्या फाडण्यापलीकडेही आम्हाला काम असतं.

नाक्यावर उभं राहून राहून माणूस ओळखायची सवय लागते. कोपरात अडकवलेलं हेल्मेट आम्हाला बघून डोक्यावर चढतं, तो साधा गुन्हेगार. त्याला दोन शब्द सुनावून सोडावं. थांबवायच्या आधीच फोन कानाला लावून "साहेबांशी बोला" म्हणणारा बहुतेक वेळा कुणालाच ओळखत नसतो. आणि नाका दिसताच जो गाडी वळवतो, त्याला मात्र सोडायचं नाही. हा नियम मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवला होता आणि मी तो डोळे झाकून पाळत आलो होतो. डोळे झाकून हा शब्द इथे अगदी नेमका आहे.

आयुधपूजेचा दिवस. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, बेंगळूरमध्ये त्या दिवशी गाड्या पुजतात. सायकलीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना आंघोळ, कुंकू, हार, पुढे केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं, शेवटी दृष्ट काढून फोडलेला कोहळा. सकाळी सव्वानऊच्या सुमारास मंदिराजवळ हार विकत बसलेल्या एका म्हाताऱ्या फुलवाल्या अक्काला गाडीने उडवलं आणि गाडी पळाली. अक्काचा खुबा मोडला. शेजारच्या शहाळेवाल्याने ठाण्यात फोन केला: पांढरी कार, डावा पुढचा दिवा फुटलाय, दक्षिणेकडे गेली. नंबर त्याने पाहिला नव्हता. जागेवर दिव्याचे तुकडे सापडले. मी वायरलेसवर खबर दिली, माणसं गोळा केली आणि अर्ध्या तासात नाकाबंदी लावली.

सणाच्या दिवशी पांढऱ्या गाड्यांना काय तोटा! आम्ही दिवे बघून गाड्या सोडत होतो. वीसेक मिनिटांनी एक गाडी अशी आली, की तिने नाका पाहिला, वेग कमी केला आणि सरळ उलटी वळली. आमच्या मोटारसायकलवाल्याने तिला पुढच्या चौकात गाठलं. पांढरी कार, भाड्याची, पिवळी नंबरपट्टी. डाव्या दिव्याला तडा गेलेला, त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी नवीकोरी. ड्रायव्हर तिशीचा, घामाने थबथबलेला. मी मनात म्हटलं, मिळाला.

ठाण्यात आणून स्टेशन डायरीत नोंद केली आणि समोर बसवलं. त्याच्याकडे एक फाइल होती, ती त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही. तो कन्नडमध्ये सांगू लागला: सिटी बसच्या ड्रायव्हरच्या भरतीत नाव लागलंय, परवा कागदपत्रांची पडताळणी आहे, आज सुट्टी घेऊन झेरॉक्स काढायला निघालो होतो. त्यानंतर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागणार. गल्लीतल्या जाणत्यांनी बजावलं होतं, दाखला हातात पडेपर्यंत पोलिसांच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस, साधी पावतीसुद्धा होऊ देऊ नकोस. म्हणून वळलो.

"आणि दिवा?"

"महिन्यापूर्वी खांबाला घासली, सार. आज पूजा, म्हणून सकाळी गाडी धुतली आणि पट्टी बदलली."

असली उत्तरं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. दिव्याचे तुकडे जुळवून बघायला मोटार वाहन निरीक्षक हवा, तो सणामुळे संध्याकाळशिवाय येणार नव्हता. तोवर कबुली मिळवावी, असं मी ठरवलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. कोहळा फोडायला घरी कधी येताय, असं विचारत होती. मी मराठीत म्हटलं, "स्वल्प उशीर होईल, तुम्ही उरकून घ्या." फोन ठेवला आणि बघतो तर त्या ड्रायव्हरचा चेहरा पार बदललेला. पुढे झुकून तो चक्क मराठीत म्हणाला, "अण्णा, तुम्ही आपलेच की. मी खरंच तिकडं गेलो नव्हतो, अण्णा."

तो आपल्यातला निघाला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. दारात माझे दोन शिपाई उभे होते, दोघांनीही ते ऐकलं होतं. मराठी नसेल समजली, अण्णा तर समजलं. उद्या कुणी म्हणेल, साहेबांचा माणूस होता, सोडून दिला. मी कन्नडमध्येच दरडावलं, "इथं अण्णा कुणी नाही. साहेब म्हण."

त्यानंतर मी त्याच्याशी जितका कठोर वागलो, तितका परक्याशी वागलो नसतो, हे आज स्पष्ट दिसतं. हात लावला नाही. पण त्याच्या मांडीवरची फाइल ओढून घेतली, पडताळणीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "खरं बोललास तर बघू. नाही तर ही नोकरी विसर." त्याला नेमकं कुठे दुखतं ते त्यानेच मला सांगितलं होतं, आणि मी तिथेच बोट दाबलं. लाज वाटते लिहायला.

दीड तास तो नाही म्हणत राहिला. मग खाली बघत त्याने विचारलं, "साहेब, मी केलं असं लिहून दिलं तर जामीन आजच होईल का? परवा दहा वाजता मला पोचायचंय."

मला वाटलं, फुटला. शिपायाला कागद आणायला पाठवलं आणि पाय मोकळे करायला खिडकीपाशी गेलो.

खाली आवारात ठाण्याची पूजा चालली होती. जीप, मोटारसायकली, दारू प्यायलेत का ते तपासायचं यंत्र, बॅरिकेडसुद्धा, सगळं मांडलेलं. नवीन भरती झालेल्या एका शिपायाने जीपच्या नाकावर हार चढवायला घेतला, तशी आमच्या म्हाताऱ्या हेड कॉन्स्टेबलने त्याला झापलं. "अरे, आधी कुंकू लाव. कुंकवाशिवाय हार? गाडीची पूजा करतोयस की मंत्र्याचा सत्कार?" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो.

सकाळी नाक्यावर, या ड्रायव्हरच्या थोडं आधी, एक पांढरी घरची गाडी आली होती. पुढे भरगच्च झेंडूचा हार, डाव्या बाजूला तर तीन-तीन पदरी, बंपरपर्यंत लोंबणारा. चालवणारा पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याने काच खाली केली, सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि पिशवीतून मूठभर चुरमुरे-फुटाणे प्रसाद म्हणून माझ्या हातावर ठेवले. मी तो कपाळाला लावून खाल्ला आणि गाडीला वाट करून दिली. ती गाडी आता डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. काचेवर, बॉनेटवर, चाकांवर, कुठे कुंकवाचा ठिपका नव्हता. पूजाच झाली नव्हती, मग प्रसाद कसला?

आम्ही नाक्यावर नंबर लिहिले होते ते अडवलेल्या गाड्यांचे. सोडलेल्यांचे कोण लिहितो? कंट्रोल रूमला फोन करून चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. दोन तासांत नंबर मिळाला, चारच्या सुमारास इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका इमारतीच्या तळघरात गाडी सापडली. हार बाजूला केला, डावा दिवा अर्धा गायब. निरीक्षकाने संध्याकाळी तुकडे लावून पाहिले, ते अचूक बसले. गाडीवाल्याने फार वेळ घेतला नाही. म्हणाला, घाबरलो, पुढच्याच चौकात फुलं दिसली आणि सुचलं.

शिपायाने आणलेला कोरा कागद तसाच टेबलावर पडला होता. त्या ड्रायव्हरला म्हटलं, "तू सुटलास, जा." तो उठला नाही. त्याने विचारलं, "डायरीत माझं नाव आहे ना?"

नाव होतं. स्टेशन डायरीतली नोंद खोडता येत नाही. दाखल्यासाठी कागद आला की ती नोंद निघणार. मी म्हटलं, लिहून देतो, आणि त्याच कागदावर लिहिलं: संशयावरून आणले, चौकशी करून सोडले. त्याने ते दोनदा वाचलं. आता तो परत मराठीत बोलत होता, पण अण्णा म्हणत नव्हता.

"साहेब, हे वाचून कुणीही म्हणेल, काहीतरी केलंच असणार. चूक तुमची होती असं लिहा."

बावीस वर्षांच्या नोकरीत असं मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तसं लिहिलं की वरून खुलासा मागणारा मेमो येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी म्हटलं, "सरी, ठीक आहे." आणि दुसरा कागद घेऊन लिहिलं: याचा अपघाताशी काहीही संबंध नाही, याला माझ्या चुकीमुळे आणण्यात आले. खाली सही, शिक्का, हुद्दा. तीच नोंद डायरीतही केली.

त्याने कागद फाइलमध्ये ठेवला, दारापर्यंत गेला आणि वळला. "साहेब, मी गाडी वळवली नसती, सरळ तुमच्याकडे आलो असतो, तर सोडलं असतंत?"

"सोडलं असतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो गेला.

त्याला दाखला मिळाला, नोकरीही लागली. मला मेमो आला. मी पानभर खुलासा लिहिला: प्रसाद घेतला ते, पिवळ्या नंबरपट्टीवर डोळा ठेवला ते, इस्त्रीच्या शर्टाला वाट करून दिली ते, आपलाच माणूस निघाला म्हणून जास्त छळलं तेही. काही लपवलं नाही असं मला वाटत होतं. फक्त दारात वळून त्याने जे विचारलं, त्याला मी खोटं उत्तर दिलं होतं, एवढं त्यात लिहायचं राहिलं. ते आज लिहितो. नसतं सोडलं.