खाकीतला मुराळी

तापीवर पूल झाला तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आनंद माझ्या आईला झाला, आणि तो तिने कोणाला दिसू दिला नाही. तिचं माहेर समोरच्याच काठावर. पण बैलगाडी नदीतून जायची ती फक्त उन्हाळ्यात. एरवी लांबच्या नावेवर अर्धा दिवस मोडायचा. आता शिरपूरकडून एक लाल बस पूल ओलांडून थेट आमच्या पारापर्यंत येऊ लागली. माणसं बसली तर ठेवू, नाहीतर बंद करू, असं एसटीचे साहेब सांगून गेले होते.

माणसं बसेनात. पुरुष एकदा बसले, पुलावरून पाणी बघून आले, झालं. जायची खरी ओढ बायकांना, आणि बायका जाणार कशा? आमच्याकडे सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. तो मुराळी. भाऊ नसेल तर बाप. आईला भाऊ नव्हता आणि तिच्या वडिलांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या लेकी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणायच्या, तेव्हा आई घरात सांजोऱ्या तळत असायची.

त्या आखाजीच्या तोंडावर निरोप आला की नानांना, म्हणजे आईच्या वडिलांना, धाप लागते आणि त्यांना लेकीला बघायचंय. आईने दाराआडून विचारलं. माझे आजोबा, आबा, माणूस वाईट नव्हता. फक्त रीतीपुढे त्यांना माणूस दिसायचा नाही.

"मुराळी नही ते जाणं नही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस आली आणि बसचा कंडक्टर उतरून सरळ आमच्या ओसरीवर. गळ्यात तिकिटांची पेटी, हातात टोपी.

"आबा, मी मुराळी उनू शे. अक्काले लेवाले. नानानी माले आंडोर मानं शे."

आंडोर म्हणजे मुलगा, आणि अक्का म्हणजे माझी आई. नानांनी पलीकडच्या थांब्यावर बाज टाकून त्याला गाठला होता आणि उभ्या उभ्या मुलगा करून घेतला होता. रीत तर पाळली गेली होती. पण हरतील तर ते आबा कसले!

"मुराळी उना, ते मंग जेवाले बठा!"

पारावर ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आबांनी त्यालाही बोलावलं, मग उतारूंनाही. "बठ्ठास्ले बलाव!" खाकी पँटीत मांडी घालताना कंडक्टरचे हाल झाले, पण मांडे आणि आमरस त्याने सोडला नाही. मग आईला आणि मला त्याने मानाने खिडकीशी बसवलं आणि दोघींची तिकिटं फाडली. बहिणीचं तिकीट फाडणारा मुराळी मी तेवढाच पाहिला.

ही गोष्ट पलीकडच्या काठाला कळली मात्र, लेकी असलेला प्रत्येक बाप थांब्यावर येऊन त्याला आंडोर मानू लागला. बिचाऱ्याला दारोदार जेवावं लागे, आणि बस वेळेवर पोचली तर लोकांनाच चुकल्यासारखं वाटे. पण बस भरली. साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, पुलामुळे.

आई परत निघाली त्या दिवशी नाना काठी टेकत थांब्यावर आले. पुढची आखाजी ते बघणार नाहीत हे दोघांनाही कळत होतं. माहेराहून निघालेली बाई आमच्याकडे वाटभर रडते आणि सासर दिसलं की तोंड पुसते. बैलगाडीत त्याला पुरेशी सवड असायची. बसने ती ठेवलीच नाही. पूल आला, संपला, आमचा पार आला, आणि आई ऐन हुंदक्यात.

खाली आबा न्यायला उभे होते. आई पदरात तोंड खुपसून बसलेली, तिला उठवेना. कंडक्टर घंटेच्या दोरीला हात लावून अवघडून उभा. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. आबांनी खिडकीतून आत डोकावलं, आईकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाले,

"गाडी बंद करा. रडू द्या तिले. घाई कसानी शे?"