सगळ्याच टॅबवर आलेली म्हैस

पहिल्या बाकावरच्या सुमननं टॅबला तोंड लावून हाक मारली, "मोगरे, येऽऽ!" आणि वर्गातल्या सगळ्या टॅबवर म्हैस आली.

ती फक्त सुमनच्या टॅबवर यायला हवी होती.

लातूरला आमचा छोटा स्टुडिओ आहे. आम्ही मुलांसाठी डिजिटल चित्रपुस्तकं बनवतो. गोष्ट आणि चित्रं माझी, प्रोग्रॅमिंग इम्रानचं. वाचणाऱ्या मुलानं काहीतरी केल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, अशी ही पुस्तकं. बहुतेकांत बोट लावायचं असतं. या पुस्तकात आम्ही आवाज घेतला होता. मोगरी म्हैस रानात हरवते, मूल हाक मारतं, ती पानावर येते. टॅबच्या माइकला शब्द कळत नाहीत. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला तेवढं पुरतं. या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात.

ऑफिसात हे झकास चाललं होतं. तिथं टॅब एक आणि हाक मारणारी मी एकटी.

किनवटजवळच्या मुलींच्या आश्रमशाळेत टेस्टिंग ठेवलं, तिथं वर्ग भरलेला. त्यात आमची म्हैस पानावर आली की हंबरायची. ते हंबरणं शेजारचा टॅब ऐकायचा, त्याला वाटायचं हाक आली. मग त्याची म्हैस हंबरायची. पानं आपोआप उलटत गेली. मुलींनी एक ओळ वाचायच्या आत सगळ्या टॅबवर गोष्ट संपली. पोरी बाकांवर चढून हसत होत्या.

"मॅडम, पोरी लई खूश हायत," वर्गाच्या आत्राम बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "पन वाचून कुनीच नाही राहिलं."

मागं बिरादार सर उभे होते. पुस्तक त्यांच्या संस्थेसाठी होतं. शाळांना द्यायचं की नाही, ते त्यांनीच ठरवायचं होतं. सर मूळचे उदगीरचे, बोलायला रोखठोक.

"मॅडम, हे पुस्तक हाय का जनावरांचा बाजार?"

"सर, आवाज थोडा कमी करून बघते."

"नको. माइकच काढा. एक बटण द्या. दाबलं की म्हैस आली. संपला विषय."

"मग मुलांनी हाक मारायची मजाच जाईल."

"उद्या सकाळी मी निघणार. तोवर काय करायचं ते करा. न्हाई जमलं तर साधी पीडीएफ पाठवून देऊ."

साधी पीडीएफ म्हणजे नुसती पानं.

मी व्हरांड्यात बसून इम्रानला फोन लावला. थ्रेशोल्ड वाढवला तर बारीक आवाजाच्या मुलींची हाक पोचणार नव्हती. कमी केला तर पंख्यानंसुद्धा म्हैस आली असती. बोलता बोलता मी वैतागून म्हणाले, "यांना गप बसवणारं पुस्तक पाहिजे होतं."

इम्राननं तेच धरलं. "बनवू की. मोजायचं तेच, आवाज. आता पातळीच्या वर गेला की पान उलटतं. खाली राहिला की उलटायचं. 'पेक्षा जास्त'चं 'पेक्षा कमी', एक चिन्ह फिरवायचंय, मॅडम."

चिन्ह त्यानं फिरवलं, गोष्ट मला फिरवावी लागली. शेवटच्या पानासाठी मोगरीचं रेडकू काढलेलं होतंच. ते मी झुडपामागं लपवलं. गाद्यांच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून तिथं बसून नवी वाक्यं रेकॉर्ड केली आणि पाठवली. संध्याकाळी नवी फाइल आली. आत्राम बाई आणि मी ती एकेका टॅबवर चढवली.

सकाळी टॅब बोलला, "रेडकू भ्यालंय. आवाज झाला की आत पळतं. जरा गप बसाल का?"

बाईंनी पंखा बंद केला. वर्ग शांत झाला. झुडपातून एक कान बाहेर आला. मग ओलं नाक. तेवढ्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्या टॅबवरची रेडकं आत.

"गप गं!" चारही बाजूंनी ओरडा झाला. त्यामुळं ती आणखीच आत गेली.

पुन्हा शांतता. पुन्हा कान, नाक, एक पाय. आणि बिरादार सरांचा फोन वाजला.

सुमन ताडकन उभी राहिली. "सर, फोन बंद करा की! बाहेर येऊन राहिलं होतं ते!"

सरांनी घाईघाईनं फोन बंद केला आणि पोरीसारखं तोंडावर बोट ठेवलं.

तिसऱ्या वेळी रेडकू आलं. सगळ्या टॅबवर, एकाच वेळी. ओरडायचं तर सगळ्यांना होतं, पण ते परत जाईल या भीतीनं मुलींनी दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरली होती. डोळे तेवढे हसत होते. पुढच्या पानावरची ओळ प्रत्येकीनं ओठ हलवत वाचली.

"हा वर्ग एवढा गप म्या कधी बघितला न्हाई," बाई म्हणाल्या.

"हेच ठेवा," सर हळूच म्हणाले. अजून मोठ्यानं बोलायला धजत नव्हते. "आमच्या मीटिंगसाठी पण असं एक बनवा."

पुस्तक त्यांच्या सगळ्या शाळांत गेलं. मीटिंगवालं अजून केलेलं नाही.

पुस्तक एकट्यानं वाचायचं असतं, असं आम्ही धरून चाललो होतो. वर्गात एकटं कुणीच नसतं. आता टेस्टिंगला इम्रान त्याच्या भावकीतली झाडून सगळी पोरं ऑफिसात आणतो. पुस्तकातल्या चुका लगेच सापडतात. त्या दिवशी दुसरं काम मात्र होत नाही.